दुधाची वाटी, गारुड्याची टोपली आणि काचेची पेटी : आपण सापांना काय काय खाऊ घातलं?

श्रावण जवळ आला की आपल्या खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन फोटो हमखास फिरतात. एकात फणा काढलेला नाग, पुढे दुधाची वाटी आणि खाली ‘जय नागदेवता’. दुसऱ्यात लाल अक्षरांत ‘साप दूध पीत नाही’. पहिल्याला हात जोडले जातात, दुसऱ्याला अंगठा मिळतो, विषय संपतो. हल्ली तिसरा प्रकारही दिसायला लागलाय. काचेच्या पेटीतला विदेशी अजगर, त्याच्यापुढे सोडलेला जिवंत उंदीर आणि मागून हसण्याचे आवाज.

मला या तिन्ही गोष्टी एकाच इतिहासाचे तुकडे वाटतात. साप काय खातो हे सापाकडे बघून ठरवायचं, की आपली श्रद्धा, आपलं पोट, आपला पैसा आणि आपली हौस बघून? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे दोन्ही घडलंय. काही माणसांनी सापाकडे बघितलं, बाकीच्यांनी स्वतःकडे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण नागपंचमीच्या आधी वाचून ठेवा.

घरातली पूजा आणि दारातली टोपली

सुरुवात आपल्याच घरापासून करू. आपल्याकडे नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर गंध-हळदीने नाग काढतात, कुणी मातीचा नाग आणतं, कुणी बाजारातलं चित्र चिकटवतं. लाह्या, दूध, हळदकुंकू. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, विळी चालवायची नाही, तवा चढवायचा नाही. मग पुढच्या रविवारी कानबाईची धामधूम सुरू.

आता नीट बघा. या सगळ्या विधीत जिवंत साप कुठेच लागत नाही. उलट जमिनीला लोखंड लावू नका हा नियम सापाच्या बाजूचाच आहे. पावसाने बिळं भरतात, साप वर येतात, त्याच दिवसांत हा सण आहे. त्या जिवाला एक दिवस तरी धक्का लागू नये, असाच मी या नियमाचा अर्थ लावतो. वारुळाला वाहिलेलं दूध माती पिते, मुंग्या खातात. त्याने साप मरत नाही.

जिवंत नागाला दूध पाजायचा प्रकार आपल्या दारात आला तो गारुड्याच्या टोपलीतून. सणाच्या काही आठवडे आधी नाग पकडायचा. त्याचे विषदंत उपटायचे, कधी विषग्रंथी फोडायच्या, कधी तोंडच दोऱ्याने शिवायचं. मग टोपलीत कोंडून ठेवायचं, अन्न नाही, पाणी नाही. नागपंचमीच्या दिवशी टोपली उघडली की समोर वाटी. तहानेने कासावीस झालेला जीव समोर जो ओला पदार्थ येईल त्यात तोंड घालतो. लोक म्हणतात, ‘बघा, नागोबा दूध प्यायले!’ तो दूध पीत नसतो हो, पाणी शोधत असतो.

दूध आत गेल्यावर काय होतं?

इथे थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल, कारण सगळा घोटाळा इथेच आहे.

दूध ही सस्तन प्राण्यांची गोष्ट. गाय, कुत्रा, माणूस आपल्या पिल्लांना पाजतात, आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य त्या पिल्लांच्या शरीरात असतं. साप सरपटणारा प्राणी. त्याच्या आईने त्याला कधी दूध पाजलेलं नाही, त्यामुळे त्याच्या पोटात त्याची सोयच नाही. दूध आत गेलं की आतड्याला सूज येते, हगवण लागते. आधीच पाणी कमी पडलेल्या शरीरातलं उरलंसुरलं पाणीही निघून जातं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जबड्याच्या तळाशी, बरंच पुढे असतं. मोठं भक्ष्य गिळताना तोंड पूर्ण भरलं तरी श्वास चालू राहावा म्हणून ही रचना. पण कुणी डोकं धरून वाटीत बुडवलं तर हीच रचना जिवावर उठते. दूध सरळ फुप्फुसाकडे जातं. आपल्याला ठसका लागला की आपण खोकतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला जोर लावून खोकून ते बाहेर काढता येत नाही. नागाचं काम मुख्यतः एकाच, उजव्या फुप्फुसावर चालतं. तिथे दूध साचतं, जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो.

वर दात उपटलेल्या जागी हिरड्या सडलेल्या असतात. नागाचे विषदंत पुन्हा येतात, पण ते येईपर्यंत तोंडात पू झालेला साप शिकार धरू शकत नाही. म्हणजे सणानंतर गारुड्याने त्याला सोडलं तरी तो उपाशीच मरायचा. आणि हे मरण सणाच्या दिवशी दिसत नाही. ते पुढच्या काही आठवड्यांत, कुठल्या तरी बांधाखाली येतं. म्हणूनच दूध पाजणाऱ्या माणसाच्या मनाला ते कधी लागलं नाही. डोळ्यांसमोर मेला असता तर ही चाल कधीच बंद पडली असती.

ज्यांनी सापाकडे बघितलं

याच काळात दुसऱ्या बाजूला काही माणसं वेगळं काम करत होती. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या जर्नलमध्ये फ्रँक वॉल नावाच्या लष्करी डॉक्टरने १९०५ ते १९१९ या काळात भारतातल्या नेहमीच्या सापांवर लेखमाला लिहिली. त्याची पद्धत साधी होती. मेलेला साप मिळाला की पोट उघडायचं आणि आत काय आहे ते लिहून ठेवायचं. उंदीर, बेडूक, सरडा, पाल, दुसरा साप. या नोंदींतून एक गोष्ट ठळक झाली : ‘साप काय खातो’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला साप, हे आधी विचारलं पाहिजे.

आपल्या शेतातले साप घ्या. धामण उंदीर-घुशी आणि बेडूक खाते. दिवड मासे आणि बेडूक. कवड्या घरातल्या पाली. मण्यार तर इतर सापही खातो. कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळाएवढा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. आणि पक्ष्यांच्या अंड्यांवर जगणारा एक दुर्मीळ अंडीखाऊ सापही आपल्या राज्यात आहे, वर्ध्याची त्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या तऱ्हेची ताटं आहेत. त्यातल्या एकातही दूध नाही.

पुढचा टप्पा मुंबईच्या हाफकिन संस्थेचा. सर्पदंशावरचं प्रतिविष करायचं तर विष हवं, विष हवं तर जिवंत साप हवेत, आणि ते नुसते जिवंत असून भागत नाही, धडधाकट हवेत. तिथले डॉ. पी. जे. देवरस यांनी सर्पशाळेतल्या सापांपासून किती विष मिळतं याच्या नोंदी १९६३ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ काढलं. सापाची तब्येत हा माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे, हे या कामातून कळायला हवं होतं. शेतात पाय टाकणाऱ्या मजुराला दवाखान्यात जी बाटली चढवतात, तिच्या मागे कुठेतरी एक नीट सांभाळलेला साप असतो.

मग आला सामान्य लोकांचा टप्पा. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सापांविषयीच्या समजुतींवर बोलायला सुरुवात केली. आज खान्देशात गावोगाव जे सर्पमित्र दिसतात, ते या वातावरणातून घडलेत. मी त्यांना मनापासून मानतो.

कायदा आला, गारुडी गेला

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणंही शिकारच. म्हणजे टोपलीतला नाग तेव्हापासूनच बेकायदा. त्याआधीच्या, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी ठेवणाऱ्याने त्याला पुरेसं अन्न-पाणी न देणं हासुद्धा गुन्हा आहे. पण टोपल्या रस्त्यावरून हटायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली.

सगळ्यात मोठा वाद झाला सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा, कारण तिथे जिवंत नागाच्या पूजेची जुनी परंपरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर तिथली जिवंत नागांची मिरवणूक थांबली. २०२५ मध्ये केंद्राने मर्यादित परवानगी दिली ती परंपरागत ज्ञान आणि प्रबोधनासाठी. मिरवणूक, स्पर्धा, खेळ यांना नाहीच. दरम्यान २०२२ ची कायदा दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आला. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं.

इथपर्यंत सगळं चांगलं. पण या इतिहासात एक माणूस गाळला जातो. गारुडी.

दूध त्याने आणलं नव्हतं, दूध आपल्या घरातलं होतं. त्याने आणला तो साप, कारण आपण दोन रुपये, शेरभर धान्य आणि जुनं लुगडं द्यायचो. आपण श्रद्धेने बघत होतो, तो पोटासाठी करत होता. क्रूरता होतीच, ती मी झाकत नाही. पण कायद्याने त्याची टोपली घेतली आणि हातात काय दिलं? भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, पुढे इदाते आयोगानेही दिला. गारुड्यांच्या पालावर त्यातलं किती पोचलं, ते आपापल्या तालुक्यात जाऊन बघा.

हे वेगळं घडू शकलं असतं का? घडलंय, तामिळनाडूत. तिथले इरुला आदिवासी कातड्यासाठी साप पकडायचे. कातड्याच्या व्यापारावर बंदी आली आणि ते उघड्यावर पडले. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप पकडायचा, तीन-चार आठवडे मडक्यात ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. बघा, सापाला कैदेत वर्षानुवर्षं खाऊ कसं घालायचं या प्रश्नाचं त्यांनी काढलेलं उत्तर होतं : जास्त दिवस ठेवायचंच नाही. ज्यांना साप खरोखर कळतो त्यांचं हे उत्तर आहे. महाराष्ट्रात गारुड्यांचं ज्ञान असं कामाला लावणारं त्या तोडीचं काही उभं राहिलं नाही. सहकाराचा महाराष्ट्र म्हणवून घेणाऱ्या आपल्याला हे टोचायला हवं.

वजनाचा भाव

भक्ती आणि पोट झालं. आता पैसा.

मांडूळ आपल्या भुसभुशीत जमिनीत राहणारा बिनविषारी, सुस्त साप. शेपूट बोथट, म्हणून ‘दुतोंड्या’. गुप्तधन दाखवतो, औषध होतं, नशीब उघडतं, अशा भूलथापांवर त्याचा काळाबाजार चालतो आणि भाव ठरतो वजनावर. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ मधल्या बातम्यांवरून देशात मांडूळ जप्तीच्या किमान १७२ घटना मोजल्या, त्यात सर्वाधिक ५९ महाराष्ट्रातल्या.

वजनावर भाव ठरला की त्या मुक्या जिवाच्या खाण्याचं काय होत असेल, याचा विचार करा. रानात मांडूळ एखादा उंदीर गिळतो आणि दिवसेंदिवस मातीत पडून राहतो. त्याचं शरीर त्याच हिशोबाचं आहे. गारुड्याच्या टोपलीत सापाला मिळायची उपासमार, इथे गिऱ्हाइकाला हवं असतं वजन. दोन्हीकडे साप काय मागतो हे कुणी विचारत नाही.

आता हौस

आणि हा सगळ्यात नवा अध्याय. नाग, धामण, अजगर, मांडूळ असा कुठलाही देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे. पण बॉल पायथनसारखे विदेशी साप मोठ्या शहरांतून आता छोट्या शहरांकडे येतायत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा प्राण्यांची वनखात्याकडे नोंदणी सक्तीची आहे, २०२४ मध्ये त्याचे नियम आणि परिवेश पोर्टलवरची पद्धतही आली. कागद नसलेला प्राणी विकत घेऊ नका, हे पहिलं.

दुसरं, घेण्याआधी आपल्या हवेचा विचार करा. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेचा. सापाचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. त्याला पेटीच्या एका टोकाला साधारण ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला थोडं गार, असं दोन्ही लागतं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. त्या थंडीत साप खाल्लेलं पचवू शकत नाही. पोटात उंदीर सडतो आणि तो उलटी करतो. आणि जळगावचा मे महिना मी सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत काचेची पेटी ठेवली तर साप भाजूनच निघेल.

ज्यांच्याकडे असा साप आधीच, रीतसर आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात :

भक्ष्य सापाच्या सर्वात जाड भागाएवढंच द्या, त्याहून मोठं नको. चिकनचे तुकडे घालू नका. हाडांसकट अख्खं भक्ष्य मिळालं तरच कॅल्शियम मिळतं. जिवंत उंदीर सोडू नका, तो सापालाच चावतो आणि जखमा चिघळतात. मारून गोठवलेला, मग नीट वितळवून कोमट केलेला उंदीर द्यावा. खाल्ल्यावर किमान दोन दिवस सापाला हात लावू नका. मोठ्या सापाला दर चार दिवसांनी चारू नका, त्याच्या यकृतात चरबी साचते. स्वच्छ पाणी कायम ठेवा. बॉल पायथन कधी कधी महिनोन्‌महिने खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरून तोंडात कोंबू नका, आधी तापमान आणि लपायची जागा तपासा. तोंडाशी फेस, उघड्या तोंडाने श्वास किंवा वारंवार उलटी दिसली तर सरळ डॉक्टरकडे. आणि असा डॉक्टर कुठे आहे, हे साप आणायच्या आधी शोधायचं असतं. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी-शेळ्यांचे. त्यांचा दोष नाही, शिक्षण आणि काम तेच आहे.

आणि कंटाळा आला म्हणून तापीकाठी नेऊन सोडायचा विचारही करू नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हौसेने आणलेले बर्मी अजगर असेच मोकळे झाले आणि तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीतले ससे, रकून जवळपास दिसेनासे झाले. गंमत बघा, ते पकडायला २०१७ मध्ये त्यांनी कुणाला बोलावलं? तामिळनाडूच्या त्याच इरुलांना. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांनी दोन आठवड्यांच्या आत १३ अजगर पकडून दाखवले. २०२३ मध्ये भारत सरकारने दोघांना पद्मश्री दिली. ज्यांच्या ज्ञानाला आपण टोपलीएवढी किंमत देतो, त्याची खरी किंमत ही आहे.

मग करायचं काय?

काही जण म्हणतील, माणसं मरतायत आणि तुम्हाला सापाची पडलीय. माणसं मरतायत हे खरंच आहे. २०२० च्या एका अभ्यासानुसार भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार लोक सर्पदंशाने जातात, बहुतेक शेतीवरचे. म्हणूनच सापाबद्दल खरी माहिती हवी. साप दूध पितो असं शिकलेलं पोर, साप मंत्राने उतरतो हेही सहज मानतं. दोन्ही समजुती एकाच शाळेतल्या. एक सापाला मारते, दुसरी माणसाला.

माझ्या मागण्या फार नाहीत. नागपंचमीच्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत सापांच्या खाण्यावर अर्धा तास बोलावं. वनखात्याने त्यासाठी माणूस द्यावा. सुटका केलेला साप बरणीत ठेवून प्रदर्शन करू नये. निरोगी साप लवकरात लवकर योग्य जागी सोडावा, आणि जखमी किंवा उपाशी सापासाठी जळगाव-धुळ्यात उपचाराची पक्की सोय हवी. उपासमार झालेल्या सापाला एकदम मोठा उंदीर घातला तर तो त्यानेही मरतो. आधी पाणी, मग लहान घास, हे कळणारा माणूस तिथे हवा. आणि गारुडी कुटुंबांतल्या तरुणांना सर्पबचाव, प्रबोधन, प्रतिविषाच्या कामात पगारी जागा द्या. दंड करताना सरकारला त्यांचा पत्ता सापडतो, मग कामाच्या वेळीही सापडायला हवा.

बायाबापड्यांना मी पूजा सोडा असं सांगणार नाही. भिंतीवर नाग काढा, लाह्या वाहा, नैवेद्य दाखवा. त्या दिवशी कुणी टोपली घेऊन दारात आलं तर ओरडू नका, पण वाटीही आणू नका. त्या माणसाला जेवायला वाढा, साप बघायला नको म्हणून सांगा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून सापाची रीतसर सुटका होईल असं बघा. आणि वाटीतलं दूध घरातल्या पोराला द्या. ते त्याच्यासाठीच असतं.